वीतभर ट्रक आणि त्यावरील चिखल

दिवाळीचा किल्ला ज्यांनीं लहानपणीं अंगणांत बांधला आहे, त्यांस प्रतिकृतीच्या छंदाची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. मातीचा मावळा तटबंदीहून उंच असतो, बुरुजावरची तोफ महाद्वारांतून आंत शिरूं शकत नाहीं, आणि पायथ्याशीं पेरलेला अळीव वडाएवढा दिसतो. तरी त्यानें कोणाच्याच आनंदांत उणें पडत नाहीं. पण हा छंद मोठेपणींहि ज्यांस सुटत नाहीं, त्यांच्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रमाणाचा. दुसरा, ज्याविषयीं आज लिहावयाचें आहे, तो असा कीं, हुबेहूब बनविलेली वस्तु नवी कोरी दिसावी कीं वापरलेली दिसावी?

प्रमाणाचा प्रश्न कारखानदारांनीं सोडवून ठेविला आहे. प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या ज्या प्रतिकृति जगभर विकल्या जातात, त्यांत लष्करी वाहनांसाठीं १:३५ हें प्रमाण विशेष रूढ आहे. म्हणजे खऱ्या वाहनाचे पस्तीस हात येथें एका हातांत मावतात. हा आंकडा कोणा गणितज्ञानें पुष्कळ विचारान्तीं काढला असावा असें वाटेल, परंतु खरी हकीकत गमतीची आहे. जपानांतील शिझुओका येथील तामिया ही कंपनी आरंभीं लाकडाचा धंदा करीत असे. तिनें १९६० नंतर एकदोन वर्षांत जर्मनांच्या पँथर रणगाड्याची विजेवर चालणारी प्रतिकृति काढली. पोटांत मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्याच गरजेवरून तिचा आकार ठरला. मागाहून मोजून पाहतां तें प्रमाण पस्तिसास एक असें भरलें, आणि पुढें तेंच सर्वत्र चालू झालें. शास्त्राच्या पोटांत पुष्कळदां असा व्यवहारच दडलेला असतो.

आमचा आजचा विषय मात्र रणगाडा नव्हे. दुकानांतील कपाटांत रणगाड्यांच्या पेट्या पुढें आणि ट्रकांच्या मागें असतात, त्याप्रमाणेंच इतिहासाच्या पुस्तकांतहि असतें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या जीएमसी कंपनीनें १९४१ ते १९४५ या काळांत जो अडीच टनी ट्रक बांधला, त्याची संख्या पांच लाखांच्या वर गेली. ‘सीसीकेडब्ल्यू’ हें त्याचें अधिकृत नांव. त्यांतील पहिलें अक्षर १९४१ सालची रचना दाखवितें, दुसरें नेहमींच्या धाटणीची केबिन, तिसरें पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ, आणि चौथें मागच्या दोन्ही आंसांना ओढ. मागील आंसांवर दुहेरी टायर असल्यामुळें एकूण टायर दहा. इंजिन सहा सिलिंडरांचें. शिपायांनीं त्याला पत्त्यांतील दुर्रीवरून ‘ड्यूस अँड अ हाफ’, म्हणजे ‘दुर्री आणि अर्धा’, असें नांव ठेविलें होतें; लाडानें ‘जिमी’ असेंहि म्हणत. तामिया, इटालेरी आणि हॉबीबॉस या कंपन्यांनीं १:३५ प्रमाणांत त्याच्या प्रतिकृति काढल्या आहेत. एकवीस फुटांहून लांब असलेला हा ट्रक त्या प्रमाणांत सव्वासात-साडेसात इंचांचा होतो. वीतभरहि नाहीं म्हणावयाचा.

या ट्रकाची थोडी कुळकथा सांगितल्यावांचून पुढच्या रंगकामाचें मर्म कळावयाचें नाहीं. १९४४ च्या जूनमध्यें दोस्त राष्ट्रांचीं सैन्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलीं. ऑगस्टमध्यें जर्मन फळी फुटली आणि सैन्य इतक्या वेगानें पुढें गेलें कीं, त्याच्यापर्यंत अन्न, दारूगोळा आणि पेट्रोल पोंचेना. फ्रान्सचे रेल्वेमार्ग व पूल दोस्तांनींच आपल्या बाँबांनीं उडविलेले होते. तेव्हां २५ ऑगस्ट १९४४ रोजीं ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या नांवाची ट्रकांची वाहतूक सुरू करण्यांत आली. सेंट लो पासून शार्त्र पर्यंत, आणि नंतर त्याहि पुढें, दोन समांतर रस्ते केवळ या ट्रकांसाठीं राखून ठेविले. एक भरून जाण्याचा, दुसरा रिकामें परतण्याचा. ऐन भरांत सहा हजारांच्या आसपास वाहनें दिवसरात्र धांवत होतीं, आणि एका दिवसांत बारा हजार टनांहून अधिक माल गेला. ताशीं पंचवीस मैलांची मर्यादा होती. ती कागदावर राहिली. वेग रोखणारें यंत्र चालक काढून टाकीत. १६ नोव्हेंबर १९४४ रोजीं ही वाहतूक थांबली, तोंवर चार लाख टनांवर माल पोंचविला गेला होता.

या चालकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्या वेळच्या अमेरिकन सैन्यांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. बंदूक घेऊन लढण्याचें काम काळ्यांस क्वचितच दिलें जाई. माल वाहणें, रस्ते बांधणें, जहाजें रिकामीं करणें हीं त्यांचीं कामें. हा भेद सैन्यांतून काढून टाकण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनीं २६ जुलै १९४८ रोजीं काढला, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षें होत आलीं तेव्हां. ज्यांचे पुतळे उभारले गेले नाहींत, त्यांच्या हातचें चाक, त्यांच्या बुटांनीं झिजलेली पायरी आणि त्यांच्या रस्त्याची धूळ एवढें जर कोणी वीतभर प्लास्टिकवर नीट उमटविलें, तर त्याला पोरखेळ म्हणणें आम्हांस जड जातें.

हें म्हणण्याचें निमित्त असें. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत कॉलेजांत शिकणाऱ्या मुलानें हाच ट्रक तयार करून दिवाणखान्यांत मांडला. पहिल्या खेपेस तो काचेसारखा चकचकीत होता. घरच्या मंडळींनीं कौतुक केलें. आजोबा, जे पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले आणि धरणांच्या कामावर ट्रकांच्या सहवासांत हयात घालविलेले, त्यांनीं चष्मा पुसून तो फिरवून फिरवून पाहिला व एवढेंच विचारलें, “काय रे, हा ट्रक कुठून आला?” मुलगा म्हणाला, “जपानहून, आजोबा.” “तें नव्हे. हा आत्तां कुठल्या रस्त्यानें आला, असें विचारतों आहें.” मुलापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या खेपेस त्यानें चाकांपासून छपरापर्यंत तांबेरा आणि चिखल फांसला. आजोबांनीं पुन्हां तोच प्रश्न केला, आणि पुन्हां उत्तर आलें नाहीं. वाहन मळविण्याच्या या कलेला छंदिष्ट लोक ‘वेदरिंग’ म्हणतात. तिचें सारें शास्त्र आजोबांच्या त्या एका प्रश्नांत आलेलें आहे, असें आमचें मत आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. सुटे भाग कापून, सांधून, सांध्यांत लांबी भरून पॉलिश पेपरनें घासणें हें काम चिकाटीचें असलें तरी त्यांत सांगण्यासारखें फारसें नाहीं. पेटींतील पत्रक पुरेसें आहे. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें कीं, सांच्यांतून प्लास्टिक सुटावें म्हणून लावलेला ओशट पदार्थ भागांवर राहिलेला असूं शकतो. कोमट पाण्यांत साबण घालून सर्व भाग धुवावे व वाळवावे, नाहीं तर रंग धरत नाहीं. केबिनच्या आंतला भाग, हौद्याची खालची बाजू आणि चाकें, जेथें मागाहून कुंचला पोंचणार नाहीं, तीं अगोदर रंगवून घ्यावीं. नंतर प्रायमरचा एक पातळ हात. पातळ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. आपल्या हातून दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर खऱ्या ट्रकावर तो साडेतीन मिलिमीटर जाड झाला. त्याखालीं खिळे, बिजागऱ्या, पत्र्याच्या कडा सारें बुडून जातें.

मुख्य रंग म्हणजे अमेरिकन सैन्याचा ऑलिव्ह ड्रॅब. मराठींत त्याला शेवाळी म्हणावें तर तो तपकिरी दिसतो, आणि तपकिरी म्हणावें तर हिरवट. हें कोडें मुळांतलेंच आहे, कारण हा रंग पिवळी माती आणि काजळी या दोहोंच्या मिश्रणापासून निघतो. हिरवें रंगद्रव्य घातलेलें नसतांहि डोळ्यास हिरव्याचा भास होतो. ज्यांच्या घरीं जलरंगांची पेटी असेल त्यांनीं पिवळ्या गेरूसारख्या रंगांत किंचित् काळा मिसळून पाहावा, खात्री पटेल. बाजारांत हा रंग तयार बाटलींत मिळतो. तो दुधाइतका पातळ करून एअरब्रशनें, थोड्या दाबावर, एकावर एक तीनचार हलके हात देऊन चढवावा. एअरब्रश नसल्यास रुंद मऊ कुंचल्यानेंहि काम होतें. मात्र पहिला हात पुरता वाळल्यावांचून दुसरा देऊं नये.

बाटलींतला रंग जसाच्या तसा मात्र वापरूं नये. लांबचे डोंगर जवळच्या डोंगरांपेक्षां फिकट दिसतात, कारण मध्यें हवा असते. हातभर अंतरावरून पाहिलेला वीतभर ट्रक म्हणजे पस्तीस हातांवरून पाहिलेला खरा ट्रक. तेव्हां तोहि किंचित् फिका दिसला पाहिजे. शिवाय उन्हानें रंग विटतो तो निराळाच. यासाठीं पांढरा रंग मिसळण्याची रीति आहे, पण तिनें ट्रकावर पीठ सांडल्यासारखी कळा येते. त्याऐवजीं पिवळसर मातकट रंग मिसळावा. बॉनेट, मडगार्डांचे माथे, छप्पर, जेथें ऊन सरळ पडतें, तेथें फिकें मिश्रण. कडेच्या पत्र्यांवर मूळ रंग. आणि हौद्याखालीं व आंसांपाशीं अधिक गडद. फरक इतकाच असावा कीं, पाहणाऱ्यास फरक आहे हें कळूं नये, पण ट्रक जड वाटावा.

या ट्रकाचे हौदे पूर्वीं लोखंडी असत. पुढें लोखंड वांचविण्यासाठीं लांकडी हौदे आले. लांकडावरचा रंग पेट्रोलच्या डब्यांच्या घासण्यानें लवकर उडतो, आणि खालीं पिवळें नव्हे तर राखी, ऊनपावसानें करडें पडलेलें लांकूड दिसतें. जुन्या वाड्याच्या खिडकीचा, तेलपाणी न मिळालेला उंबरठा डोळ्यांपुढें आणावा; नेमका तोच रंग. हौद्याच्या तळावर बारीक सुरीच्या टोंकानें किंवा कोरड्या कुंचल्यानें लांबट ओरखडे उठवावे, ते मालाच्या ओढण्याच्या दिशेनें, म्हणजे पुढून मागें. आडवे ओरखडे काढणाऱ्यानें ट्रक कधीं रिकामा होतांना पाहिलेला नसतो.

यानंतर खुणा. पांढरा पंचकोनी तारा, बंपरावरचे पलटणीचे आंकडे, आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंस वाहनाचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक अडीच टनी ट्रकांच्या बाबतींत ४ या आंकड्यानें सुरू होतो. तो युद्धाच्या आरंभीं निळसर करड्या रंगांत असे व पुढें पांढऱ्या रंगांत आला. १९४४ च्या ट्रकावर तो पांढराच हवा. या खुणा पाण्यानें सुटणाऱ्या पातळ पापुद्र्याच्या रूपानें पेटींत असतात. त्यांस डिकल म्हणतात. खडबडीत, निस्तेज रंगावर डिकल बसविला तर खालीं हवा अडकते आणि तो चांदीसारखा चमकूं लागतो. म्हणून आधीं चकचकीत वॉर्निशचा हात द्यावा, मग डिकल लावून तो मऊ करणाऱ्या द्रावानें पत्र्यावर घट्ट बसवावा. ताराहि रंगाप्रमाणें झिजतो हें विसरूं नये. कित्येकांच्या ट्रकावर सारें अंग मळलेलें आणि तारा तेवढा आजच धुवून आणलेला असतो.

चकचकीत वॉर्निशचा दुसरा उपयोग आतां येतो. गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनसारख्या पातळ द्रावांत अगदीं पाण्यासारखा करावा व बारीक कुंचल्याचें टोंक खिळ्याच्या बुडाशीं, दाराच्या फटीशीं नुसतें टेंकवावें. द्राव आपोआप खांचेंतून धांवतो आणि दार, बिजागरी, खिळे जणूं रेखून दिल्याप्रमाणें वर उठतात. गणपतीची मूर्ति रंगवितांना डोळ्यांची आखणी झाली कीं मूर्ति पाहूं लागते, तसाच कांहींसा हा क्षण असतो. काळा रंग मात्र वापरूं नये; त्यानें वाहन चित्रपुस्तकांतल्यासारखें दिसतें. आणि एक धोक्याची सूचना: हा द्राव न रंगविलेल्या, ताण बसलेल्या प्लास्टिकमध्यें मुरला तर तें तडकतें. आंस आणि पाटे यांचे सांधे या कारणानें रात्रींत तुटल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. तेथें हात राखून काम करावें.

या रीती कांहीं एकाएकीं निघाल्या नाहींत. अमेरिकेंतील शेपर्ड पेन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत प्रतिकृतीच्या पेट्यांसोबत येणाऱ्या पत्रकांतून सामान्य छंदिष्टांना रंगकाम आणि देखावे मांडण्याची कला शिकविली. पुढें बेल्जमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनीं गडद द्रावाची आणि कोरड्या कुंचल्याची पद्धति घरोघरीं नेली. त्यांच्या हातचें प्रत्येक वाहन कडा उजळून उठून दिसे. त्यानंतर स्पेनांतील मिग हिमेनेस आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनीं रंगांच्या भुकटीचा व पातळ तैलरंगी थरांचा प्रसार केला. प्रत्येक पिढीनें मागच्या पिढीचें अतिरेकी म्हणून नांव ठेविलें आहे, आणि प्रत्येकीचें म्हणणें थोडेंबहुत खरें आहे.

सध्यांचा अतिरेक तांब्याचा नव्हे, तांबेऱ्याचा आहे. स्पंज फाडून त्याचा तुकडा गडद रंगांत बुडवावा, कागदावर टिपून घ्यावा आणि कडांवर हलकेच टेंकवावा, म्हणजे रंगाचे टवके उडाल्याचा हुबेहूब भास होतो. कृति इतकी सोपी आणि परिणाम इतका झटपट कीं, हात थांबत नाहीं. आणखी एक युक्ति आहे. तांबेऱ्याच्या रंगावर केसांचा स्प्रे मारून वर ऑलिव्ह ड्रॅब चढवितात, व पाण्यानें ओल्या केलेल्या कुंचल्यानें घासून तो जागजागीं उखडतात. बुडालेलें जहाज किंवा रानांत वीस वर्षें पडलेली गाडी दाखवावयाची असेल तर ही युक्ति अप्रतिम आहे. परंतु १९४३ सालीं कारखान्यांतून निघालेला ट्रक १९४४ च्या ऑक्टोबरांत किती गंजला असेल? सायलेन्सर तांबूस होईल, कारण तो तापतो आणि त्याचा रंग आधीं जळतो. पुढच्या हुकांचा रंग सांखळीनें खरवडून लोखंड दिसेल. केबिनच्या पायरीवर, जेथें दिवसांतून दहादां बूट पडतो, रंग जाऊन धातु चकाकेल. तो झिजेल पण गंजणार नाहीं, कारण बूट त्याला गंजूं देत नाहीं. फाळक्याची वरची कड घासलेली असेल. यापलीकडे गंज नाहीं. जो ट्रक महिन्यांत मोडला किंवा दुरुस्तींत गेला, त्याला म्हातारा होण्यास सवडच मिळाली नाहीं. आमच्या मतें पुष्कळ प्रदर्शनांत बक्षिसें मिळविणाऱ्या प्रतिकृति या दृष्टीनें खोट्या आहेत, मग त्यांचें कसब कितीहि थोर असो.

उलट टायरांकडे कोणी फारसें पाहत नाहीं. आणि रेड बॉलच्या ट्रकांची खरी व्यथा टायरांचीच होती. अतिभार, अतिवेग आणि रस्त्यावर पडलेले टाकून दिलेल्या डब्यांचे तुकडे यांनीं ते फाटत. टायर कधींहि कोळशासारखा काळा रंगवूं नये. करडा, किंचित् तपकिरी छटेचा असावा. जो भाग रस्त्यास लागतो तो घासून स्वच्छ, त्याच्या खांचांत माती, आणि बाजूवर फिकट धूळ. सहा चाकांपैकीं एकावर नवा, गडद टायर दाखविला तर जाणत्याला सारी हकीकत कळते.

धुळीसाठीं अंगणांतली खरी माती घ्यावी असें सहज मनांत येतें. घेऊं नये. बारीक वाळूचा पंचमांश मिलिमीटरचा कण या प्रमाणांत सात मिलिमीटरचा खडा होतो, आणि ट्रक दगडांच्या पावसांतून आल्यासारखा दिसतो. रांगोळीचेंहि तेंच. यासाठीं तयार भुकटी विकत मिळते. ती महाग वाटल्यास चित्रकलेचे पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून, किंवा गेरू आणि पिवडी वस्त्रगाळ करून वापरावी. मऊ कुंचल्यानें भुकटी सोडावी आणि पातळ द्रावाचा थेंब देऊन बसवावी. क्रम निसर्गाचा ठेवावा: आधीं जुनी कोरडी धूळ सर्वांगावर, मग वाळलेला चिखल चाकांच्या मागें आणि हौद्याच्या खालच्या अंगास, शेवटीं थोडा ओला चिखल, तो गडद आणि किंचित् चकाकणारा. पाण्याचे ओघळ खालीं जातात हें सांगण्याची गरज नसावी, तरी आडवे ओघळ आम्हीं पाहिले आहेत. समोरच्या काचेवर वायपरच्या आकाराचा अर्धगोल कागद कापून चिकटवावा, मग धूळ उडवावी, आणि कागद काढून घ्यावा. स्वच्छ राहिलेल्या त्या कमानींतून कोणी तरी रात्रभर रस्ता पाहत होतें, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. फ्रान्सच्या शरदांतला ट्रक फिकट, राखी-पिवळ्या चिखलानें माखलेला दाखवावा. तांड्यांत मागून येणाऱ्या गाडीच्या नाकावर पुढच्या गाडीनें उडविलेली घाण अधिक. पण तोच ट्रक आपल्या देशांतूनहि धांवला आहे. आसामांत लेडो येथें, जेथें रेल्वे संपते, तेथून ब्रह्मदेशाचे डोंगर ओलांडून चीनला जाणारा रस्ता याच युद्धांत खोदला गेला. १२ जानेवारी १९४५ रोजीं लेडोहून निघालेला पहिला ट्रकांचा तांडा ४ फेब्रुवारीस कुनमिंगला पोंचला; अंतर सुमारें सतराशे किलोमीटर. तो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकन शिपायांतहि बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते, आणि त्यांच्या जोडीस हजारों स्थानिक मजूर. तेथल्या पावसांत ताडपत्रीवर बुरशीचे काळसर डाग येतील, हौद्याच्या कोपऱ्यांत पाला अडकेल, चिखल दाट असेल. रंग तोच, तारा तोच. पण हा ट्रक दुसऱ्याच रस्त्यानें आलेला आहे हें मुलांनाहि ओळखतां आलें पाहिजे. ज्यांस ब्रह्मदेश दूर वाटतो त्यांनीं कोंकणांतून घाट चढून आलेल्या एस. टी. कडे आणि सोलापुराकडून काळ्या मातींतून आलेल्या उसाच्या ट्रकाकडे एकाच दिवशीं निरखून पाहावें. लष्करी वाहनें प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असल्यास अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथील रणगाड्यांचें संग्रहालय सहकुटुंब पाहण्यासारखें आहे. तेथें मुख्यतः रणगाडे असले तरी पत्रा आणि रंग कसे जुने होतात याचा अभ्यास होतो.

वडील माणसांचा एक आक्षेप आमच्या कानांवर नेहमीं येतो, कीं घरांत युद्धाचें खेळणें कशाला. आक्षेप पोकळ नाहीं. नुसत्या तोफांच्या आणि झेंड्यांच्या चकाकीवर पोसलेला छंद मुलाच्या मनांत युद्धाविषयीं भलतीच गोडी उत्पन्न करूं शकतो. पण ज्या मुलाला पायरीवरची झीज कोठें दाखवावी हें शोधतांना ती पायरी कोण चढत होतें याचा शोध घ्यावा लागला, त्याच्याविषयीं आम्हांस ती भीति वाटत नाहीं.

दुसरी काळजी अधिक व्यावहारिक आहे, आणि तिच्याकडे घरच्या मोठ्यांनीं अवश्य लक्ष द्यावें. पातळ करण्याचे द्राव आणि स्प्रेचे डबे यांची वाफ फुप्फुसांस अपायकारक असते व ती पेट घेते. हें काम देवघराजवळ, समई किंवा गॅस चालू असतां, कदापि करूं नये; खिडकी उघडी ठेवावी, एअरब्रश चालवितांना बाष्प अडविणारा मुखवटा लावावा, नुसता रुमाल पुरत नाहीं. भुकटी उडवितांनाहि नाकातोंडावर आच्छादन असावें. द्रावांच्या बाटल्यांवर नांवें लिहून त्या लहान मुलांच्या हातास न लागतील अशा ठेवाव्या. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलींत टर्पेंटाइन भरून ठेवण्याची जी संवय पुष्कळ घरांत आहे ती घातक आहे. सुऱ्यांचीं मोडकीं पातीं कचऱ्यांत सुटीं टाकूं नयेत. कचरा उचलणाऱ्याचाहि हात कापतो.

सर्व झाल्यावर निस्तेज वॉर्निशचा अगदीं हलका हात द्यावा. जड झाला तर भुकटीची धूळ त्यांत विरून दिसेनाशी होते, म्हणून कित्येक जण चाकांवर तो देतच नाहींत. मग ट्रक काचेच्या पेटींत ठेवावा. कारण मांडणीवर उघडा राहिला तर दोन महिन्यांत त्यावर घरची खरी धूळ बसते, कापसाच्या तंतूंची आणि करड्या रंगाची. ती या प्रमाणांत दोरखंडासारखी दिसते आणि फडक्यानें पुसूं गेल्यास तिच्याबरोबर फ्रान्सची धूळहि निघून येते. पेटी नसेल तर खारीच्या केसांचा मऊ कुंचला घेऊन वरून खालीं, न दाबतां झाडावें, आणि हें काम घरच्या मोलकरणीवर सोंपवूं नये.